सिल्व्हिया बीच (१८८७–१९६२) : एका ग्रंथविक्रेतीचे वाङ्मयीन चरित्र

१

आधुनिक इंग्रजी साहित्याच्या इतिहासात १९२२ हे वर्ष निर्णायक मानले जाते. जेम्स जॉइस यांची ‘युलिसिस’ ही कादंबरी आणि टी. एस. एलियट यांची ‘द वेस्ट लँड’ ही दीर्घ कविता याच वर्षी प्रसिद्ध झाली. या दोन्ही कृतींच्या आशयाची, रचनातंत्राची आणि प्रभावाची चर्चा विपुल प्रमाणात झालेली आहे. परंतु ‘युलिसिस’च्या पहिल्या आवृत्तीच्या शीर्षकपृष्ठावर प्रकाशक म्हणून लंडनच्या किंवा न्यूयॉर्कच्या एखाद्या मातब्बर संस्थेचे नाव नसून पॅरिसमधील एका लहानशा पुस्तकाच्या दुकानाचे नाव आहे, या वस्तुस्थितीचा साहित्याच्या दृष्टीने काय अर्थ लावायचा, हा प्रश्न मात्र बहुधा तळटीपेतच राहतो. ते दुकान म्हणजे ‘शेक्सपियर अँड कंपनी’, आणि ते चालविणाऱ्या ग्रंथविक्रेत्या म्हणजे सिल्व्हिया बीच.

आज पॅरिसला जाणारा साहित्याचा अभ्यासक या नावाच्या दुकानाला आवर्जून भेट देतो. सीन नदीच्या डाव्या तीरावर, नोत्र दाम कॅथीड्रलच्या समोर, र्यू द ला ब्यूशरीवरील ३७ क्रमांकाच्या इमारतीत ते आहे. जुन्या-नव्या पुस्तकांनी भरलेल्या त्या अरुंद खोल्यांतून हिंडताना, याच ठिकाणी जॉइस येऊन बसत असत आणि याच फळीवरून हेमिंग्वे पुस्तके नेत असत, असे बहुतेकांना वाटते. वस्तुतः हे दुकान १९५१ मध्ये जॉर्ज व्हिटमन या अमेरिकन गृहस्थांनी ‘ल मिस्त्राल’ या नावाने सुरू केले, आणि १९६४ मध्ये, म्हणजे बीच यांच्या निधनानंतर, त्याला ‘शेक्सपियर अँड कंपनी’ हे नाव दिले. मूळ दुकान तेथून चालत जाण्याच्या अंतरावर, र्यू द लोदेऑं या रस्त्यावर १२ क्रमांकाच्या इमारतीत होते. ते १९४१ मध्ये बंद झाले आणि पुन्हा कधीही उघडले नाही. त्या इमारतीवर आज केवळ एक स्मृतिफलक आहे.

प्रवाशाच्या मनातील हा स्थळभ्रम निरुपद्रवी आहे. पण त्यामुळे एक महत्त्वाची गोष्ट झाकली जाते. दुकानाचे नाव अखंड चालू राहिल्यासारखे दिसते, त्यामुळे ज्या व्यक्तीने ते उभे केले तिला त्याची कोणती किंमत मोजावी लागली, हे विचारावेसे वाटत नाही. प्रस्तुत चरित्रलेखात ही किंमत ध्यानात घेऊन बीच यांच्या जीवनाचा परामर्श घ्यावयाचा आहे. ज्या लहानपणामुळे या दुकानाला मोठ्या प्रकाशनसंस्थांना न पेलणारे धाडस करता आले, तेच लहानपण पुढे त्याच्या असहायतेचे कारण ठरले, असे त्यांच्या चरित्रावरून दिसते.

२

सिल्व्हिया बीच यांचा जन्म १४ मार्च १८८७ रोजी अमेरिकेतील बाल्टिमोर येथे झाला. त्यांचे पाळण्यातील नाव नॅन्सी. सिल्व्हिया हे नाव त्यांनी पुढे स्वतः घेतले. वडील सिल्व्हेस्टर बीच हे प्रेसबिटेरियन पंथाचे धर्मोपदेशक, आणि त्यांच्या घराण्यात धर्मोपदेशकांची परंपराच होती. आई एलिनॉर ऑर्बिसन यांचा जन्म मात्र तत्कालीन हिंदुस्थानात, रावळपिंडी येथे झाला होता. त्यांचे आईवडील तेथे मिशनकार्य करीत होते. ध्येयासाठी परमुलखात जाऊन बिऱ्हाड थाटणे ही गोष्ट अशा प्रकारे सिल्व्हिया यांच्या आजोळीच रुजलेली होती. त्यांनी स्वतः धर्मप्रचाराची वाट धरली नाही. परंतु त्यांच्या पुढील कार्यातील चिकाटी आणि अल्पसंतुष्टता पाहता हा वारसा अगदीच दुर्लक्षणीय ठरत नाही.

पॅरिसमधील अमेरिकन चर्चमध्ये वडिलांची नेमणूक झाल्यामुळे १९०१ नंतरची काही वर्षे हे कुटुंब त्या शहरात राहिले. १९०६ मध्ये ते प्रिन्स्टनला परतले. सिल्व्हिया यांचे मन मात्र युरोपातच गुंतले होते. नियमित शालेय वा विद्यापीठीय शिक्षण त्यांच्या वाट्याला फारसे आले नाही. वाचन, भाषा आणि प्रवास हेच त्यांचे शिक्षण. दोन वर्षे त्यांनी स्पेनमध्ये काढली. पहिल्या महायुद्धाच्या काळात त्या पुन्हा फ्रान्समध्ये आल्या, तेथील शेतांवर स्वयंसेविका म्हणून राबल्या आणि युद्धसमाप्तीनंतर रेडक्रॉसच्या कामासाठी बेलग्रेडला गेल्या.

याच कालखंडात, पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात फ्रेंच साहित्याचा अभ्यास करीत असताना, एका नियतकालिकाच्या शोधात त्या र्यू द लोदेऑंवरील ७ क्रमांकाच्या दुकानात पोहोचल्या. आद्रिएन मोनिए या तरुण फ्रेंच स्त्रीने १९१५ मध्ये सुरू केलेले हे दुकान म्हणजे ग्रंथविक्री, वर्गणीवर चालणारे वाचनालय आणि लेखकांचा अड्डा यांचा मेळ होता. आन्द्रे झीद, पॉल व्हालेरी, व्हालेरी लार्बो यांच्यासारखे लेखक तेथे येत आणि आपले लेखन वाचून दाखवीत. मोनिए यांच्याशी जडलेले बीच यांचे सख्य आयुष्यभर टिकले. आपणही असेच दुकान काढावे, ही कल्पना या सहवासातूनच आकाराला आली. आईने आपल्या शिलकीतून ३,००० डॉलर पाठविले. न्यूयॉर्क किंवा लंडन येथे जागेचे भाडे परवडण्यासारखे नव्हते; पॅरिसमध्ये ते परवडत होते. १९ नोव्हेंबर १९१९ रोजी र्यू द्युप्युईत्राँ या गल्लीत, पूर्वी जेथे कपडे धुण्याचे दुकान होते त्या जागेत, ‘शेक्सपियर अँड कंपनी’ उघडले. १९२१ च्या उन्हाळ्यात ते र्यू द लोदेऑंवर, मोनिए यांच्या दुकानासमोर आले. एका बाजूला फ्रेंच व दुसऱ्या बाजूला इंग्रजी पुस्तके अशी या रस्त्याची रचना त्यानंतर वीस वर्षे कायम राहिली.

३

हे दुकान प्रामुख्याने पुस्तके विकणारे नव्हते, तर पुस्तके वाचावयास देणारे होते, ही बाब मुद्दाम नोंदविली पाहिजे. युद्धोत्तर काळात फ्रँकचा भाव घसरला होता. पौंड वा डॉलर मोजून आणलेले इंग्रजी पुस्तक फ्रेंच विद्यार्थ्याच्या किंवा मोजक्या पैशांत राहणाऱ्या परदेशी लेखकाच्या आवाक्याबाहेरचे असे. यावर उपाय म्हणजे वर्गणी. ठरावीक वर्गणी आणि अनामत भरून सभासदाने एका वेळी एक किंवा दोन पुस्तके न्यावीत, अशी व्यवस्था होती. सभासदाच्या नावाचे एक कार्ड असे व त्यावर नेलेल्या आणि परत केलेल्या पुस्तकांची नोंद होई.

ही कार्डे पुढे प्रिन्स्टन विद्यापीठाने १९६४ मध्ये घेतलेल्या बीच यांच्या कागदपत्रांत सापडली, आणि त्याच विद्यापीठाच्या एका प्रकल्पाद्वारे अलीकडच्या काळात ती अभ्यासकांना खुली झाली आहेत. दोन महायुद्धांच्या दरम्यान पाच हजारांहून अधिक सभासद या वाचनालयाचे होते, असे या कागदपत्रांवरून दिसते. सर्व सभासदांची कार्डे टिकलेली नाहीत. परंतु जी टिकली आहेत त्यांवरून एखाद्या लेखकाने कोणते पुस्तक केव्हा नेले, हे तारखेनिशी सांगता येते. साहित्यातील प्रभावांची चर्चा करताना आपण बहुधा साम्यावरून अनुमान करतो. येथे त्या अनुमानाला प्रत्यक्ष नोंदीचा आधार मिळू शकतो. ग्रंथव्यवहाराचा अभ्यास हा साहित्याभ्यासाच्या बाहेरचा विषय नाही, हे यावरून पुरेसे स्पष्ट व्हावे.

सभासदांत झीद होते, गर्ट्रूड स्टाइन होत्या, एझ्रा पाउंड होते. पाउंड यांना सुतारकामाची हौस होती, आणि दुकानातील मोडकी खुर्ची दुरुस्त करून देण्यातही त्यांना कमीपणा वाटत नसे. १९२१ च्या अखेरीस पॅरिसला आलेल्या हेमिंग्वे यांच्याजवळ पहिल्या भेटीत अनामत भरण्याइतके पैसे नव्हते; बीच यांनी ते सवडीने भरावेत असे सांगून त्यांना पुस्तके नेऊ दिली. ही हकीकत हेमिंग्वे यांनी आपल्या पॅरिसच्या आठवणींत कृतज्ञतेने सांगितली आहे. ज्यांचा पत्ता आठवड्याआड बदलत असे, अशा लेखकांची पत्रे दुकानाच्या पत्त्यावर येत व बीच ती सांभाळून ठेवीत. मॅन रे आणि बेरेनिस ॲबट यांनी काढलेली लेखकांची छायाचित्रे भिंतींवर लावलेली असत. वॉल्ट व्हिटमन यांच्या हस्ताक्षरातील, आजोळच्या मावशीकडून आलेले काही कागदही तेथे मांडलेले होते. वाचनालय, टपालघर, उसनवारीची पेढी आणि बैठकीची खोली अशी चारही कामे हे एकच दुकान करीत होते.

४

बीच आणि जॉइस यांची भेट ११ जुलै १९२० रोजी कवी आन्द्रे स्पीर यांच्या घरी झाली. ‘युलिसिस’ची प्रकरणे त्या वेळी न्यूयॉर्कच्या ‘द लिटल रिव्ह्यू’ या नियतकालिकात क्रमशः प्रसिद्ध होत होती. टपालखात्याने त्याचे काही अंक यापूर्वीच जप्त केले होते. अखेर अश्लीलतेचा खटला होऊन फेब्रुवारी १९२१ मध्ये मार्गारेट अँडरसन आणि जेन हीप या दोघी संपादिकांना प्रत्येकी ५० डॉलर दंड झाला. त्यानंतर अमेरिकेत कादंबरी काढण्यास कोणी धजावेना. इंग्लंडमध्ये तर कायद्याने छापखानदारही जबाबदार धरला जात असल्यामुळे ती जुळवावयाससुद्धा कोणी तयार नव्हते.

अशा वेळी ‘शेक्सपियर अँड कंपनी’ने हे पुस्तक काढावे, हा प्रस्ताव बीच यांनी मांडला व जॉइस यांनी तो तत्काळ मान्य केला. बीच यांना प्रकाशनाचा कसलाही अनुभव नव्हता, भांडवल नव्हते, कायद्याचा सल्लागारही नव्हता. परंतु नेमक्या याच अभावांमुळे त्या मोकळ्या होत्या. मोठ्या संस्थेला आपली इतर पुस्तके, आपली प्रतिष्ठा आणि आपले भागधारक सांभाळावे लागतात. बीच यांना यांतले काहीच सांभाळावयाचे नव्हते. शिवाय फ्रान्समध्ये छापल्या जाणाऱ्या इंग्रजी पुस्तकावर तेथील शासनाची नजर नव्हती.

आवृत्ती १,००० प्रतींची ठरली. हातकागदावरील स्वाक्षरीच्या १०० प्रती प्रत्येकी ३५० फ्रँक, भारी कागदावरील १५० प्रती २५० फ्रँक आणि साध्या कागदावरील ७५० प्रती १५० फ्रँक, असे दर होते. पुस्तक निघण्यापूर्वीच ग्राहक नोंदवून घेऊन त्या पैशांतून छपाई भागवावयाची, ही योजना होती. यीट्स, झीद, पाउंड, हेमिंग्वे यांनी नावे नोंदविली. बर्नार्ड शॉ यांनी मात्र नकार कळविला. निव्वळ नफ्यातील ६६ टक्के रक्कम लेखकाला देण्याचे बीच यांनी मान्य केले होते. प्रकाशनव्यवसायातील कोणत्याही प्रचलित हिशेबात न बसणारा हा करार होता.

छपाईचे काम दिजाँ येथील मोरिस दारांतिएर यांच्याकडे होते. त्यांचे जुळारी इंग्रजी न जाणणारे, आणि खिळे हातानेच जुळविले जात. त्यात जॉइस यांनी मुद्रितांवरच मजकूर वाढविण्यास प्रारंभ केला. कादंबरीचा जवळजवळ एकतृतीयांश भाग मुद्रितांच्या समासात लिहिला गेला, असे अभ्यासक मानतात. पुन्हा पुन्हा जुळवणी करण्याचा खर्च वाढत गेला. पण लेखकाला हवी तितकी मुद्रिते मिळालीच पाहिजेत, असा आदेश बीच यांनी दिला होता. एखाद्या व्यवहारी प्रकाशकाने ही मुभा दिली नसती, आणि तशी ती न मिळती तर ‘युलिसिस’चे आजचे रूप सिद्ध झाले नसते. प्रकाशकाचा निर्णय संहितेच्या घडणीत इतक्या खोलवर शिरल्याचे हे उदाहरण संहिताचिकित्सेच्या अभ्यासकाने अवश्य लक्षात घ्यावे. मुखपृष्ठ ग्रीक ध्वजाच्या निळ्या रंगाचे असावे, हा जॉइस यांचा आग्रहही असाच पुरविण्यात आला.

७ डिसेंबर १९२१ रोजी मोनिए यांच्या दुकानात लार्बो यांनी अद्याप अप्रकाशित असलेल्या या कादंबरीवर व्याख्यान दिले. २ फेब्रुवारी १९२२ रोजी, जॉइस यांच्या चाळिसाव्या वाढदिवशी, दिजाँहून सकाळच्या गाडीने गार्डच्या हाती दोन प्रती आल्या. एक प्रत जॉइस यांना देण्यात आली आणि दुसरी दुकानाच्या काचेआड ठेवण्यात आली. बंदी असलेल्या अमेरिकेत ग्राहकांच्या प्रती पोहोचविण्यासाठी कॅनडाच्या हद्दीतून बोटीने एकेक प्रत अंगावर लपवून नेण्याचा मार्गही अवलंबावा लागला.

५

यानंतरची दहा वर्षे बीच या एकाच लेखकाच्या प्रकाशक, चिटणीस, हिशेबनीस आणि सावकार होत्या. १९३० पर्यंत ‘युलिसिस’ची अकरा मुद्रणे झाली, त्यांपैकी दुसरे आणि तिसरे वगळता सर्व त्यांच्या दुकानाने काढली. १९२७ मध्ये जॉइस यांचा कवितासंग्रह आणि १९२९ मध्ये त्यांच्या पुढील कादंबरीवरील लेखांचे एक पुस्तकही त्यांनी प्रसिद्ध केले. इतरांची पुस्तके मात्र त्यांनी स्वीकारली नाहीत. डी. एच. लॉरेन्स यांची ‘लेडी चॅटर्लीज लव्हर’ त्यांच्याकडे चालून आली होती. आपले दुकान बंदी घातलेल्या पुस्तकांचे प्रकाशनगृह म्हणून ओळखले जाऊ नये, अशी त्यांची भूमिका होती.

अश्लील ठरल्यामुळे ‘युलिसिस’ला अमेरिकेत स्वामित्वहक्काचे संरक्षण नव्हते. याचा फायदा घेऊन सॅम्युअल रॉथ या न्यूयॉर्कच्या प्रकाशकाने १९२६ पासून ती काटछाट करून आपल्या मासिकात छापण्यास सुरुवात केली. बीच यांनी निषेधपत्र तयार करवून त्यावर देशोदेशीच्या १६७ लेखक-विचारवंतांच्या सह्या मिळविल्या. २ फेब्रुवारी १९२७ या दिनांकाचे हे पत्र गाजले; पण नैतिक दडपणापलीकडे लहान दुकानाच्या हाती दुसरे शस्त्र नव्हते.

डिसेंबर १९३० मध्ये झालेल्या लेखी करारान्वये ‘युलिसिस’च्या प्रकाशनाचे हक्क बीच यांच्याकडे आले होते. परंतु लवकरच अमेरिकेतील वातावरण बदलू लागले आणि तेथील मोठ्या प्रकाशकांना या कादंबरीत रस उत्पन्न झाला. बीच यांनी आपला हक्क सांगणे म्हणजे लेखकाच्या हिताआड येणे होय, असे जॉइस यांच्या वतीने त्यांना सुचविण्यात आले. त्यांनी वाद घातला नाही. हक्क सोडून दिले. ६ डिसेंबर १९३३ रोजी न्यायमूर्ती जॉन वूल्झी यांनी कादंबरी अश्लील नसल्याचा निर्णय दिला व १९३४ च्या प्रारंभी ‘रँडम हाउस’ने ती प्रसिद्ध केली. या आवृत्तीच्या उत्पन्नातून बीच यांना काहीही मिळाले नाही.

जॉइस यांच्यावर कृतघ्नतेचा आरोप करून हा विषय संपविणे सोपे आहे. त्यांच्या अडचणीही खऱ्या होत्या : दृष्टी अधू होत चालली होती, मुलगी मानसिक आजाराने ग्रस्त होती, आणि खर्च कधीच आवरत नव्हता. खरा प्रश्न व्यक्तीचा नसून व्यवस्थेचा आहे. जोखमीच्या काळात साहित्यकृतीचा भार लहान संस्थेने वाहावा आणि जोखीम सरल्यावर लाभ मोठ्या संस्थेकडे जावा, हा ग्रंथव्यवहारातील क्रम येथे उघडपणे दिसतो. लहान संस्थेच्या त्यागाला ‘निष्ठा’ हे नाव देऊन साहित्याचा इतिहास त्या क्रमावर पांघरूण घालतो.

६

आर्थिक मंदीमुळे अमेरिकन ग्राहक मायदेशी परतले आणि दुकान डबघाईला आले. ते बंद करण्याचा विचार बीच यांनी बोलून दाखविताच झीद यांनी पुढाकार घेतला. ‘शेक्सपियर अँड कंपनीचे मित्र’ या नावाने मंडळ स्थापन झाले. वार्षिक वर्गणी २०० फ्रँक होती. वर्गणीदारांसाठी लेखकांची वाचने होऊ लागली. १९३६ मध्ये झीद आणि व्हालेरी यांनी आपले लेखन वाचले. एलियट त्यासाठी लंडनहून आले. १९३७ मध्ये हेमिंग्वे आणि स्टीफन स्पेंडर यांनी एकत्र वाचन केले. ज्या लेखकांना दुकानाने उभे केले, त्यांनी ते अशा रीतीने काही वर्षे सावरून धरले.

१९४० मध्ये पॅरिस जर्मनांच्या ताब्यात गेले. बीच शहर सोडून गेल्या नाहीत. बीच यांनीच पुढे लिहिल्याप्रमाणे, डिसेंबर १९४१ मध्ये एका जर्मन अधिकाऱ्याने काचेआड मांडलेल्या जॉइस यांच्या ‘फिनेगन्स वेक’ची प्रत मागितली. ती आपली स्वतःची शेवटची प्रत असल्याने विकावयाची नाही, असे बीच यांनी सांगितले. दुकानातील सर्व माल जप्त करण्याची धमकी देऊन तो गेला. त्यानंतर दोनएक तासांत मित्रांच्या मदतीने सर्व पुस्तके आणि छायाचित्रे त्याच इमारतीतील वरच्या मजल्यावरील रिकाम्या जागेत हलविली गेली, फळ्या उतरविल्या गेल्या आणि पाटीवरील नावावर रंग फासला गेला. मोठ्या संस्थेला असे नाहीसे होता आले नसते. पुस्तके वाचली, दुकान मात्र संपले. पुढे शत्रुराष्ट्राच्या नागरिक म्हणून बीच यांना व्हितेल येथील छावणीत सुमारे सहा महिने स्थानबद्ध करण्यात आले. ऑगस्ट १९४४ मध्ये पॅरिस मुक्त झाले तेव्हा हेमिंग्वे त्यांना शोधत र्यू द लोदेऑंवर आले, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. परंतु पुन्हा दुकान मांडण्याचे वय आणि बळ बीच यांच्यापाशी उरले नव्हते.

उत्तरायुष्यात त्यांनी अनुवाद केले. आन्री मिशो यांच्या हिंदुस्थान, चीन व जपान या देशांतील प्रवासाचे पुस्तक त्यांनी इंग्रजीत आणले. ते १९४९ मध्ये प्रसिद्ध झाले. १९५५ मध्ये दीर्घ आजाराला कंटाळून मोनिए यांनी जीवन संपविले. बीच यांना हा आघात फार मोठा होता. १९५९ मध्ये त्यांच्या आठवणी दुकानाच्याच नावाने ग्रंथरूपात आल्या. या ग्रंथात तक्रारीचा सूर जवळजवळ नाही, आणि हे त्याचे आकर्षण असले तरी संशोधकाने त्याचा उपयोग करताना हे मौनही वाचावयास हवे. १६ जून १९६२ रोजी डब्लिनजवळील सँडीकोव्ह येथील जॉइस-संग्रहालयाचे उद्घाटन त्यांच्या हस्ते झाले. त्याच वर्षी ५ ऑक्टोबर रोजी पॅरिसमधील राहत्या घरी त्यांचे निधन झाले. त्यांचे दफन प्रिन्स्टन येथे करण्यात आले.

७

मराठीच्या अभ्यासकाला या चरित्राशी काय कर्तव्य, असा प्रश्न उपस्थित होऊ शकतो. बा. सी. मर्ढेकर यांच्या ‘रात्रीचा दिवस’ (१९४२) या कादंबरीची चर्चा करताना आपण संज्ञाप्रवाहाच्या तंत्राच्या संदर्भात जॉइस यांचा उल्लेख करतो. मर्ढेकर १९२९ ते १९३३ या काळात इंग्लंडमध्ये होते, आणि त्या देशात ‘युलिसिस’ उघडपणे प्रकाशित झाली ती १९३६ मध्ये. तोपर्यंत या कादंबरीचा इंग्रजी वाचकवर्गाशी असलेला संबंध मुख्यतः पॅरिसमधून निघालेल्या प्रतींच्या द्वारे होता. एखादे तंत्र एका भाषेतून दुसऱ्या भाषेत गेले असे आपण म्हणतो, तेव्हा ते कोणाच्या तरी दुकानातून, कोणाच्या तरी खर्चाने, सीमा ओलांडून गेलेले असते.

मराठी साहित्याच्या इतिहासलेखनातही ग्रंथविक्रेते, वाचनालयांचे चालक आणि लहान प्रकाशक यांची नोंद बहुधा गौरवग्रंथांतील आठवणींपुरतीच राहिली आहे. त्यांच्या वह्या, वर्गणीदारांच्या याद्या, उधारीचे हिशेब ही साहित्याच्या इतिहासाची साधने आहेत, आणि ती रद्दीत जाण्यापूर्वी जपली गेली पाहिजेत. बीच यांनी दुकान बंद करताना पुस्तकांबरोबर कागदपत्रेही टिकवून धरली, म्हणूनच आज त्यांच्या कार्याचे मोजमाप करणे शक्य झाले आहे. सीनच्या काठावरील दुकानाला भेट देणाऱ्या अभ्यासकाने र्यू द लोदेऑंवरील त्या फलकापर्यंतही चालत जावे. तेथे पाहण्यासारखे काही उरलेले नाही. परंतु साहित्याच्या इतिहासात कोणाची नावे उरतात आणि कोणाचे श्रम विस्मरणात जातात, हा प्रश्न तेथे अधिक स्पष्टपणे समोर येतो.